मुंबईचें दूरदर्शन-केंद्र व त्याचा टापू

महाराष्ट्रांत दूरदर्शन केव्हां आलें, असें विचारलें असतां बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळतें. तें म्हणजे २ ऑक्टोबर १९७२. त्या दिवशीं, महात्मा गांधींच्या जयंतीस, मुंबईस वरळी येथें केंद्र सुरू झालें, ही गोष्ट खरी आहे. परंतु तेवढ्यावरून ती तारीख सबंध महाराष्ट्राची ठरते काय, याचा विचार क्वचितच होतो. किल्ला कोणत्या सालीं बांधला एवढें सांगून त्याचा इतिहास पुरा होत नाहीं. त्याच्या माऱ्याखालीं कोणता मुलूख होता हेंही पाहावें लागतें. प्रसारण-केंद्राचें तसेंच आहे. त्याचें चित्र जेथवर पोंचलें तेवढाच त्याचा अंमल. या अंमलाच्या प्रदेशास आम्ही प्रस्तुत लेखांत ‘टापू’ असा शब्द योजिला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मुंबईचें केंद्र पहिलीं दहा वर्षें मुख्यत्वें मुंबई व पुणें या दोन शहरांचें व त्यांच्या आसमंताचें होतें; उरलेल्या महाराष्ट्रास चित्रवाणी मिळाली ती पुष्कळ ठिकाणीं प्रथम दिल्लीची मिळाली, मुंबईची मागाहून. हा क्रम ध्यानांत न घेतल्यामुळें दोन शहरांची आठवण ती अवघ्या प्रांताची आठवण, असा समज रूढ होऊं लागला आहे. तो कागदावर कायम होण्यापूर्वीं त्याची छाननी व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु.

१. दिल्लीहून मुंबईस

भारतांत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. तो केवळ प्रयोग होता. यंत्रसामग्री तुटपुंजी, कार्यक्रम आठवड्यांतून दोनच दिवस, आणि चालविणारें खातें आकाशवाणीचें. दिल्लीस रोजचें प्रसारण १९६५ सालीं सुरू झालें. त्यानंतरही सात वर्षें देशांत दुसरें केंद्र निघालें नाहीं. पैशाची अडचण होतीच. शिवाय चित्रवाणी कोणासाठीं आणावयाची, यासंबंधीं मूलभूत मतभेद होता. डॉ. विक्रम साराभाई यांचा आग्रह असा कीं, शहराशहरांत केंद्रें उभारीत बसण्यापेक्षां उपग्रहाच्या द्वारें खेड्यांसच आधीं चित्रवाणी द्यावी. कारण शिक्षणाची व शेतीविषयक माहितीची गरज तेथें अधिक. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजीं निवर्तले. पुढच्याच वर्षीं मुंबईचें केंद्र निघालें. तें शहरी केंद्र होतें, आणि त्याचें शहरीपण त्याच्या जागेनेंच ठरून गेलेलें होतें.

मुंबईच्या पाठोपाठ १९७३ सालीं श्रीनगर व अमृतसर येथें, आणि १९७५ सालीं कलकत्ता, मद्रास व लखनौ येथें केंद्रें झालीं. यांपैकीं अमृतसरचें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लाहोरच्या केंद्राचें चित्र सरहद्द ओलांडून अमृतसरच्या घरांत दिसत असे. टापू ही राज्यकर्त्यांच्याही काळजीची गोष्ट होती, हें यावरून समजतें. जेथें परक्याचें चित्र पोंचत होतें तेथें त्वरा झाली. जेथें कोणाचेंच पोंचत नव्हतें तेथें थांबतां येत होतें. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दुसऱ्या वर्गांत पडला.

आणखी दोन तारखा येथेंच नोंदवून ठेवतों. १ जानेवारी १९७६ पासून प्रसारणांत जाहिराती घेण्यास आरंभ झाला. आणि १ एप्रिल १९७६ रोजीं चित्रवाणी आकाशवाणीपासून निराळी होऊन ‘दूरदर्शन’ हें स्वतंत्र खातें अस्तित्वांत आलें. म्हणजे आयुष्याचीं पहिलीं साडेतीन वर्षें मुंबईचें केंद्र आकाशवाणीच्याच घरांत वाढलें. ध्वनीच्या माध्यमांत मुरलेलीं माणसें व त्यांचें भाषेवरील लक्ष या केंद्रास वारशानें मिळालें, याचें मूळ येथें आहे.

२. वरळीचा मनोरा व सिंहगड

आतां टापूचें कारण पाहूं. नभोवाणीच्या कांहीं लहरी आकाशांतील वरच्या थरांवरून परत फिरतात व शेंकडों कोस दूर ऐकूं येतात. चित्रवाणीच्या लहरी तशा वांकत नाहींत. त्या जवळजवळ दृष्टीच्या रेषेनें जातात; क्षितिजाच्या खालीं किंवा डोंगराच्या आड गेलेल्या गांवास त्या सहसा मिळत नाहींत. म्हणून मनोरा जितका उंच तितका टापू मोठा. वरळीचा मनोरा सुमारें ३०० मीटर उंचीचा आहे. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरीस सपाट भूमीवर किंवा समुद्रावर सुमारें ७० किलोमीटरपर्यंत अडथळा नसतो. त्यापुढें पृथ्वीची गोलाईच आड येते.

मुंबईच्या बाबतींत गोलाईपूर्वींच दुसरा अडथळा उभा आहे. मुंबईहून आग्नेयेस सरळ रेषेनें ६०–७० किलोमीटर गेलें कीं बोरघाटाचा माथा लागतो. म्हणजे लहरीचें बळ जेथें संपावयाचें नेमक्या त्याच अंतरावर सह्याद्रीची भिंत आहे. यामुळें ठाणें, कल्याण, पनवेल, अलिबाग हा पट्टा मुंबईच्या टापूंत आला, आणि घाटावरचा देश सर्वच्या सर्व बाहेर राहिला. नाशिक घाटाच्या पलीकडे. रत्नागिरी कोंकणांत असूनही दक्षिणेस फार दूर. कोल्हापूर, सोलापूर व तेव्हांचें औरंगाबाद यांचें तर नांवच नको. नागपूर मुंबईपासून सुमारें ७०० किलोमीटर. राज्याच्या राजधानींतील केंद्र राज्याच्या उपराजधानीस दिसत नव्हतें.

या भिंतींतून पहिली वाट १९७३ सालीं निघाली. पुण्यासाठीं सहक्षेपण-केंद्र करावयाचें ठरलें व त्याच्या क्षेपकासाठीं सिंहगडाची जागा निवडण्यांत आली. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच असून वरळीपासून सरळ रेषेनें सुमारें १२० किलोमीटरवर आहे. सहक्षेपण म्हणजे एका केंद्राचा कार्यक्रम घेऊन तोच जसाच्या तसा पुन्हा प्रसृत करणें. पुण्याचें स्वतःचें कांहींएक त्यांत नव्हतें. मुंबईची संध्याकाळ तीच पुण्याची संध्याकाळ झाली.

सिंहगडाची निवड आमच्या वाचकांस अपरिचित वाटूं नये. सभासदानें आपल्या बखरींत सांगितलें आहे कीं, तानाजी मालुसऱ्याच्या लोकांनीं १६७० सालीं गड घेतल्यावर गडावरील पागेच्या घरांस आग लाविली, आणि तो उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहून गड सर झाल्याचें ओळखलें. दृष्टीच्या रेषेनें वार्ता पोंचविण्यास ही जागा योग्य आहे, हें ज्ञान तीनशें वर्षांचें जुनें आहे. ज्या गुणासाठीं गड बांधले, त्याच गुणासाठीं त्यांतील एकावर क्षेपक बसला. लहरी नव्या असल्या तरी भूगोल जुनाच होता.

३. सीमेपलीकडील गांवें

टापूबाहेरच्या महाराष्ट्राची स्थिति कशी होती, हें समजण्यास शेजारच्या मुलखाकडे पाहावें. साराभाईंची योजना त्यांच्या पश्चात् एक वर्षापुरती अमलांत आली. अमेरिकेचा एटीएस-६ नांवाचा उपग्रह उसना मिळाला, आणि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच ठेवून कार्यक्रम दाखविण्यांत आले. तीं सहा राज्यें म्हणजे आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

कर्नाटकांतील गांवें विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील होतीं. पहिल्या दोन जिल्ह्यांच्या सीमा सोलापूर जिल्ह्यास लागून आहेत. येणेंप्रमाणें एक चमत्कारिक देखावा उत्पन्न झाला. सीमेच्या पलीकडील कानडी खेड्यांत शाळेच्या किंवा चावडीच्या आवारांत लोक चित्रवाणी पाहत होते, आणि अलीकडे सोलापुरासारख्या गिरण्यांच्या मोठ्या शहरासाठीं कोणतीच व्यवस्था नव्हती. वर्ष संपल्यावर उपग्रह परत गेला. पण जेथें प्रयोग झाला होता त्या प्रदेशांसाठीं कांहीं ठिकाणीं भूमीवरील क्षेपक उभारण्यांत आले, व त्यांत १९७७ सालीं गुलबर्ग्याचा क्रम लागला. मुंबईस केंद्र आहे म्हणजे महाराष्ट्राची सोय झालीच, असा हिशेब धरला गेला असावा, असें आमचें अनुमान आहे. ज्या राज्यास एक मोठें केंद्र मिळालें त्या राज्याचा उरलेला भाग त्यामुळेंच मागें पडला असल्यास नवल नाहीं.

४. केंद्राची संध्याकाळ

टापू लहान होता म्हणून केंद्राचें काम लहान होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, ज्या थोड्या घरांत तें पोंचलें तेथें त्याचा ठसा खोल उमटला. संच महाग असल्यामुळें चाळींत एखाद्याच बिऱ्हाडीं तो असे, व शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट पाहण्यास सारा मजला त्या खोलींत लोटे. दाराबाहेर चपलांचा ढीग व खिडकीच्या गजांस धरून उभीं असलेलीं मुलें, हें चित्र त्या पिढीच्या आठवणींत कायमचें राहिलें आहे.

प्रसारणाचा काळ थोडा व भाषा अनेक. मराठीच्या जोडीस हिंदी, गुजराती, उर्दू व इंग्रजी यांसही वांटा द्यावा लागे. मुंबईच्या वस्तीचें तें प्रतिबिंबच होतें. मराठी बातम्या सांगणाऱ्यांत कै. विश्वास मेहेंदळे, कै. भक्ति बर्वे, कै. स्मिता पाटील व कै. प्रदीप भिडे यांचीं नांवें प्रसिद्ध आहेत. यांपैकीं दोघींनीं पुढें रंगभूमि व चित्रपट गाजविला, हें सर्वश्रुतच आहे. ‘गजरा’सारखा हास्यविनोदाचा कार्यक्रम, कै. सुहासिनी मुळगांवकर यांचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा साहित्यकलाविषयक कार्यक्रम, मुलांसाठीं ‘किलबिल’, कामगारांसाठीं ‘कामगार विश्व’, हिंदी चित्रपटगीतांचा ‘छायागीत’, अशी संध्याकाळ भरत असे. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाभोंवतीं तर प्रेक्षकांचीं मंडळें स्थापन झालीं. पाहणारे लोक एकत्र जमून कांहीं समाजकार्य करूं लागले.

‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाविषयीं वेगळें लिहिणें अवश्य आहे. तो शेतकऱ्यांसाठीं होता, व त्यांतील माहिती उपयुक्त असे, याबद्दल वाद नाहीं. परंतु मुंबई-पुण्याच्या टापूंत शेतकरी किती, आणि टापूबाहेर किती? वऱ्हाडांतील कापूस पिकविणाऱ्यास, खानदेशांतील केळीवाल्यास व मराठवाड्यांतील ज्वारी करणाऱ्यास आरंभीं त्याचा लाभ नव्हता. गिरगांवांतील बिऱ्हाडांत ज्वारीवरील कीड कशी मारावी हें ऐकलें जात होतें, आणि ज्याच्या शेतांत कीड पडली होती त्याच्यापर्यंत तें पोंचत नव्हतें. पुढें टापू वाढल्यावर या कार्यक्रमास त्याचा खरा प्रेक्षक मिळाला; पण त्यास मध्यंतरीं बरींच वर्षें जावीं लागलीं.

दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव’ ही मालिका आली. पहिल्या मराठी मालिकांत तिची गणना होते. श्री. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव व कै. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घरोघर ओळखीचे झाले. मूळ कथांचे कर्ते कै. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे अध्यापक होते व पुढें त्यांनीं त्याच संस्थानच्या राजदप्तराचें काम पाहिलें, हें येथें सांगण्याचें कारण शेवटच्या भागांत कळेल.

५. दिल्ली आधीं, मुंबई मागाहून

१९८२ सालीं सर्व रचनाच पालटली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळीं दाखविला जाऊं लागला व त्याबरोबरच रंगीत प्रसारण आलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिल्लीस एशियाई खेळ भरले. यासाठीं भारताचा स्वतःचा इन्सॅट-१ए उपग्रह एप्रिलांत सोडण्यांत आला होता. तो सप्टेंबरांत निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्यें सोडलेला इन्सॅट-१बी मात्र उत्तम चालला, आणि त्याच्या आधारावर १९८४ सालीं लहान शक्तीचे क्षेपक गांवोगांव बसविण्याची मोठी मोहीम निघाली. कांहीं महिने तर सरासरीनें दररोज एक क्षेपक, या वेगानें काम झालें.

या लहान क्षेपकांचें कार्य नीट समजून घेतलें पाहिजे. त्यांची मजल पंधरा-वीस किलोमीटरांची, म्हणजे एक शहर व त्याभोंवतालचीं थोडीं खेडीं एवढीच. त्यांस स्वतःचा कार्यक्रम नव्हता. उपग्रहावरून येणारें चित्र घ्यावयाचें व भोंवतीं पसरावयाचें, इतकेंच त्यांचें काम. आणि उपग्रहावर जें होतें तें दिल्लीचें. यामुळें महाराष्ट्रांतील जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणीं चित्रवाणी आली तेव्हां पडद्यावर प्रथम दिसली ती दिल्लीची हिंदी व इंग्रजी बातमी आणि ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका. मुंबईच्या ‘गजरा’ची सर ज्यांच्या आठवणींत आहे त्या पिढींत आणि ‘हम लोग’नें ज्यांची चित्रवाणी सुरू झाली त्या पिढींत अंतर वयाचें थोडें व स्थळाचें फार आहे. सह्याद्रीची भिंत आकाशांतून ओलांडली गेली खरी; पण ओलांडून आलेला आवाज मराठी नव्हता.

मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्यभरच्या क्षेपकांस उपग्रहाच्या द्वारें पुरविण्याची व्यवस्था त्या दशकाच्या उत्तरार्धांत झाली. तत्पूर्वीं, १९८५ सालींच, मुंबई शहरास दुसरी वाहिनी मिळालेली होती. म्हणजे जेथें एक होती तेथें दोन झाल्या, आणि जेथें मराठी अद्यापि नव्हती तेथें ती यावयाचीच होती. १९९४ सालीं मराठीसाठीं स्वतंत्र उपग्रह-वाहिनी निघाली. प्रथम तिला नुसता दहा हा आंकडा होता. २००० सालीं ‘सह्याद्री’ हें नांव मिळालें. ज्या पर्वतानें या केंद्राचा आवाज वीस वर्षांपूर्वीं अडविला होता त्याचेंच नांव वाहिनीनें धारण करावें, ही गोष्ट तिच्या इतिहासास शोभणारीच म्हणावी लागेल. मध्यंतरीं, १९९७ सालीं, प्रसार भारती महामंडळ स्थापन होऊन दूरदर्शनचा कारभार त्याकडे गेला. पुढें भूमीवरील जुन्या पद्धतीचे क्षेपक टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आले व २०२२ पर्यंत बहुतेक सर्व शांत झाले. टापू हा शब्दच त्या अर्थीं इतिहासजमा झाला.

६. साधनांचा प्रश्न

आतां मुख्य अडचणीकडे वळतों. या केंद्राचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास साधनें कोणतीं?

पहिलें साधन म्हणजे खुद्द कार्यक्रम. आणि तेंच बहुतांशीं नष्ट झालेलें आहे. आरंभीं पुष्कळसे कार्यक्रम साक्षात् प्रसृत होत. ते हवेंत विरून गेले. ज्यांचें मुद्रण झालें त्यांच्या चुंबकीय फिती महाग असत. म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याचा प्रघात होता. प्राचीन चर्मपत्रांवरील मजकूर खरडून त्यांवर नवा लिहीत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं चर्मपत्रावर जुन्या अक्षरांची खूण तरी राहते, फितीवर ती राहत नाहीं. आयुष्याचा मोठा भाग जुनें दप्तर सांभाळण्यांत घालविणाऱ्या गृहस्थाच्या कथा ज्या माध्यमानें अजरामर केल्या असें वाटलें, त्या माध्यमाला स्वतःचें दप्तर सांभाळतां आलें नाहीं. उरलेल्या फितींचें आधुनिक रूपांतर करण्याचें काम दूरदर्शननें पुढें हातीं घेतलें व कांहीं जुनीं चित्रणें सर्वांस पाहावयास मिळूं लागलीं, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी उरलेल्यावरून गेलेल्याचें अनुमान करतांना सावधगिरी पाहिजे. जें टिकलें तें महत्त्वाचें होतें म्हणूनच टिकलें, असें नाहीं.

शिवाय केंद्र सरकारी होतें, हेंही विसरतां कामा नये. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळांत जें दाखविलें गेलें तितकेंच जें दाखविलें गेलें नाहीं तेंही इतिहासाचें अंग आहे, आणि न दाखविलेल्याची फीत कोठेंच नसते.

दुसरें साधन टापूचें; आणि तें अद्यापि जमविण्यासारखें आहे. १९८५ पर्यंत चित्रवाणी-संच बाळगण्यास परवाना लागे, व तो टपालकचेरींतून मिळे. जुन्या पेट्यांत, घराच्या कागदपत्रांत असलीं परवाना-पुस्तकें अजून सांपडतात. त्यांवरचें गांव व साल एवढ्या दोन गोष्टी टिपून घेतल्या, तरी कोणत्या तालुक्यांत चित्रवाणी केव्हां पोंचली याचा नकाशा तयार होईल. वृत्तपत्रांत रोज छापल्या जाणाऱ्या कार्यक्रम-पत्रिका, ज्ञानदीप मंडळांचीं इतिवृत्तें, केंद्रास लिहिलेल्या पत्रांच्या नकला, संच-विक्रेत्यांच्या वह्या, यांचेंही मोल तितकेंच. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून वाण्याच्या पुड्यांतून पेशवाई सोडविली, असें आपण अभिमानानें म्हणतों. अवघ्या पन्नास वर्षांपूर्वींच्या काळाचे कागद तर अजून वाण्याकडे गेलेलेही नाहींत. रद्दीवाल्याच्या वाटेवर आहेत.

सबब वाचकांस आमची विनंति अशी कीं, आपल्या गांवीं पहिला संच कोणाच्या घरीं, कोणत्या सालीं आला, व त्यावर प्रथम मुंबई दिसली कीं दिल्ली, एवढें तरी वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. सांगणाऱ्याचें वय व गांव टिपावें, आणि आठवण व कागद यांत विरोध दिसल्यास दोन्ही नोंदवावीं. सिंहगडावरचा उजेड राजगडावरून दिसला, हें आपणांस ठाऊक आहे तें कोणी तरी वेळीं लिहून ठेवलें म्हणून.